बाबांच्या शेताचं फौती नामांतरण : इंदूरहून निमाडात लांबलेला एक शनिवार-रविवार

वडील गेले, शेत गावाकडे, ते कसतात काका किंवा चुलत भाऊ, आणि आपण शहरात. मग कागदावर वारसांची नावं चढवायची कशी? आमचं काम झाल्यापासून हा प्रश्न मला इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांतून आला. पुण्या-नाशकाकडच्या नातेवाइकांना विचारून उपयोग नसतो. ते सातबारा, फेरफार आणि तलाठी सांगतात. आमच्याकडे खसरा (जमिनीच्या तुकड्याची नोंद), बी-१ (खातेदाराच्या जमिनीचा उतारा) आणि पटवारी. तिकडच्या वारस नोंदीला इथे फौती नामांतरण म्हणतात. म्हणून आम्ही काय केलं ते झालं तसं लिहिते आहे.

आधी पार्श्वभूमी. होळकरांच्या दफ्तरात कारकुनी करणाऱ्या आमच्या पणजोबांनी निमाडात जमीन घेतली. जाम घाट उतरून खाली, मंडलेश्वरच्या अलीकडे. आज ती खसऱ्यात साडेचार हेक्टर आहे, बोलताना सगळे अकरा एकर म्हणतात. खातं शामिल, म्हणजे बाबा आणि धाकटे काका दोघांच्या नावाचं. बाबा नोकरीसाठी इंदूरला आले ते रामबागेतच राहिले, काका-काकू गावात. कापूस, गहू, थोडी मिरची. दरवर्षी काका हिशेब न सांगता काही रक्कम आणि दोन पोती गहू पाठवत, आणि बाबा हिशेब न विचारता ठेवून घेत.

३० मे २०२४ ला बाबा गेले. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर त्याला शुल्क नसतं, आणि तेव्हा घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून हे काम शेजाऱ्यांपैकी एखाद्या शांत माणसावर सोपवा. आमच्या शेजारच्या आजोबांनीच महापालिकेच्या झोनवर जाऊन प्रमाणपत्र आणलं. त्याच्या रंगीत प्रती भरपूर काढून ठेवा. बँक, पेन्शन, गॅस, वीज असं करत त्या कधी संपतात ते कळत नाही.

पुढचे चार महिने शेताचं नावही कुणी काढलं नाही. ऑक्टोबरात काकांचा फोन आला. सोसायटीच्या पीककर्जाचं नूतनीकरण होतं. मध्य प्रदेशात सहकारी सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य असतं, त्यामुळे ती तारीख कुणी शेतकरी चुकवत नाही. सोसायटीत विचारलं होतं, दुसरे खातेदार कुठे आहेत? काका एवढंच म्हणाले, "दादाचं नाव आता काढावं लागेल गं." फोन ठेवल्यावर आईने विचारलं, काढावं लागेल म्हणाले की चढवावं लागेल? मी म्हटलं, दोन्ही एकच. आई काही बोलली नाही.

मध्य प्रदेशची भू-राजस्व संहिता, म्हणजे जमीन महसुलाचा कायदा, १९५९ ची. तिच्या कलम १०९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कळवायचा असतो. आमचे सहा महिने नोव्हेंबरअखेर भरत होते. त्याच सुमारास राज्यात राजस्व महाअभियानाचा तिसरा टप्पा सुरू होणार होता, १५ नोव्हेंबरपासून. या अभियानात पटवारी गावात येऊन बी-१ चं जाहीर वाचन करतो. एरवी आपण पटवाऱ्याला शोधत फिरतो. या दिवसांत तो एका जागी सापडतो. तुमचंही काम अडलेलं असेल तर असं अभियान चालू आहे का हे आधी पाहा. आमच्या गावचं वाचन शुक्रवारी, २२ तारखेला होतं. भावाने पुण्यात २० तारखेला मतदान केलं आणि दुसऱ्या रात्री बसमध्ये बसला. मी शुक्रवार-सोमवारची रजा टाकली. मुलीला सांगितलं की आजोबांच्या गावी चाललोय. तिने पहिला प्रश्न विचारला, तिथे नेट येतं का.

निघण्यापूर्वी जमवलेली कागदपत्रं : मृत्यू प्रमाणपत्र, आईचं, माझं आणि भावाचं आधार, आईचा आणि माझा समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांसाठीचा क्रमांक), खसरा आणि बी-१ च्या नकला (भू-अभिलेखच्या पोर्टलवरून निघतात), वंशावळ, आणि सगळे वारस हेच, दुसरं कुणी नाही, अशा अर्थाचं शपथपत्र. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी मिळून पाचशेच्या आत काम झालं. खरी अडचण नावाची निघाली. मृत्यू प्रमाणपत्रावर बाबांचं आधारवरचं पूर्ण नाव. खसऱ्यात मात्र आजोबा गेल्यावर तेव्हाच्या पटवाऱ्याने लिहिलेलं, घरात हाक मारायचे ते नाव. ही दोन्ही नावं एकाच माणसाची, असं आणखी एक शपथपत्र नोटरीनेच सुचवलं. ते इंदुरातच करून घेतलं म्हणून बरं झालं. जुन्या खात्यांत असं फार असतं, तेव्हा खसरा उघडलात की आधी नाव अक्षर-अक्षर ताडून पाहा.

शुक्रवारी पहाटे निघालो. महू सोडलं की रस्ता सुंदर आहे. जाम दरवाजापाशी थांबल्याशिवाय आमच्याकडे कुणी घाट उतरत नाही. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधवलेला हा दरवाजा माळव्याच्या काठावर उभा आहे, आणि त्याच्या कमानीतून खाली पाहिलं की निमाड पसरलेलं दिसतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे भुट्टे खाणाऱ्यांची जत्रा असते. नोव्हेंबरच्या पहाटे आम्हीच होतो. आईला उतरायचं नव्हतं. ती गाडीतूनच म्हणाली, "लग्न करून आले तेव्हा याच घाटातून आले होते, तेव्हा बस इथे गरम व्हायची." उतार तीव्र आहे, वळणं आंधळी आहेत, घाट नवीन असेल तर अंधारात जाऊ नका. आई सत्त्याहत्तरची, म्हणून दर अर्ध्या तासाला थांबत गेलो आणि साडेनवाला पोचलो. काकूने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी करून ठेवली होती. आम्ही नेलेली शेव आणि जिरावन तिने डब्यात भरलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. माझी मुलगी पाहतच राहिली. तिला वाटलं होतं तो लगेच फुटेल.

वाचन पंचायतीच्या ओसरीत होतं. पंधरा-वीस माणसं, बायका जवळजवळ नाहीतच. पटवारी तरुण, हातात छापील यादी आणि बाजूला लॅपटॉप. तो एकेक खातं वाचे : खातेदार, बापाचं नाव, खसरा क्रमांक, रकबा म्हणजे क्षेत्रफळ. खातेदार हयात असेल तर कुणी तरी "हाँ" म्हणे. नसेल तर "फौत". बाबांचं नाव आलं तेव्हा काका "फौत" म्हणाले. कचेरीच्या भाषेतला तो शब्द पुढे महिनाभर प्रत्येक कागदावर दिसणार होता; पण काकांच्या तोंडून आपल्या भावाबद्दल तो ऐकताना भाऊ उठून बाहेर गेला. मी बसून राहिले, कारण पटवाऱ्याने पुढचा प्रश्न विचारला होता.

"वारिसान?"

"पत्नी, एक लड़का, एक लड़की," काका म्हणाले, आणि त्याच दमात, "लड़की हक त्याग कर देगी."

पटवाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे. याविषयी आमचं कुणाचंच काही ठरलं नव्हतं, आणि मला स्वतःला हो म्हणायचं आहे की नाही हेही माहीत नव्हतं. पटवारी अनुभवी असावा. तो म्हणाला, घरी बोलून घ्या, मी उद्या पंचनाम्याला येतो. आणि हक त्याग साध्या कागदावर चालत नाही, त्याची रजिस्ट्री लागते. आत्ता सगळ्या वारसांची नावं चढली तरी ती पुढे कधीही करता येते.

हे शेवटचं वाक्य लेकींनी नीट ऐकावं. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर भूमिस्वामीचा, म्हणजे जमीनमालकाचा, हक्क त्याच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे जातो, असं संहितेचं कलम १६४ सांगतं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना पहिल्याच वर्गात सारखं धरतो. म्हणजे बाबांच्या अर्ध्या वाट्याचे तीन भाग, आणि माझ्या नावावर एकूण खात्याचा सहावा हिस्सा. घाईघाईत, सगळ्यांसमोर, कुणाच्याही दमात "देते" म्हणायची गरज नसते.

त्या रात्री ओट्यावर बसलो. थंडी होती, काकूने शेगडी आणली. सुरुवातीचा तासभर कापसाचा भाव, बोंडअळी, भावाच्या पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता असंच चाललं. नवरा आत मुलीशी पत्ते खेळत होता. जावई या बोलण्यात नसलेला बरा हे त्याचं त्यालाच सुचलं, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. शेवटी आईनेच विषय काढला.

"भावजी, माझ्या माहेरी वाटण्या झाल्या तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. हिचं नाव राहू द्या."

काका शेगडीकडे बघत राहिले. भाऊ म्हणाला, माझी काही हरकत नाही. काकांनी त्यालाही उत्तर दिलं नाही. मला वाटलं आता वाद होणार, आणि मी मनातल्या मनात सही करून मोकळीही झाले होते. मग काका म्हणाले, "नावाचं मला काही नाही वहिनी. मला सहीचं आहे."

आणि मग ते जे बोलले ते पूर्वी कधी बोलले नव्हते. शामिल खातं म्हणजे सोसायटीला सगळ्यांची सही. गहू हमीभावाने विकायचा तर नोंदणीत खातेदारांची संमती. विहिरीवर मोटारीचं नवं कनेक्शन घ्यायचं तरी तेच. दादा होता तेव्हा तो महिन्या-दीड महिन्याने यायचा, सह्या करून जायचा. आता एक सही इंदूरला, एक पुण्याला, एक अशी म्हातारी जिला घाट सोसत नाही. "पेरणीच्या दिवसांत मी सह्या गोळा करत फिरू का? आणि उद्या तुमच्या पोरांना हे शेत कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नसेल. इंदूरहून गाड्या येतात भाव विचारायला, रस्त्यालगतच्या जमिनीला. मला विचारतात, दुसरे हिस्सेदार कुठे राहतात."

काकू मधेच म्हणाली, "ह्या सगळ्या कागदांत माझं नाव कुठंच नाही. कापूस मात्र मीच वेचते." काका म्हणाले, "मी आहे ना." काकू म्हणाली, "दादाही होते." यावर कुणालाच काही सुचलं नाही.

सहीची अडचण खरी होती आणि तिच्यावर तोडगा असायला हवा होता. भावाने फोनवर शोधाशोध केली (नेट ओट्याच्या एका कोपऱ्यातच येतं, मुलीने तो आधीच हेरला होता). मध्य प्रदेशात २०१६ चा भूमिस्वामी आणि बटाईदार (दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा) यांच्या हितरक्षणाचा कायदा आहे. त्याखाली जमीन कसणाऱ्याशी लेखी करार करता येतो, मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, एक प्रत तहसीलदाराकडे. करार असल्याने कसणाऱ्याचा मालकीहक्क निर्माण होत नाही, आणि मालकाचा जात नाही. म्हणजे आमच्या तिघांच्या हिश्शाचे बटाईदार म्हणून काकांचं नाव कागदावर येईल, आणि गव्हाच्या नोंदणीसाठी, नुकसानभरपाईसाठी तो कागद त्यांच्या हाती राहील. कर्जाच्या सह्या उरतात. त्यासाठी वर्षातून एकदा आम्हीच येऊ, तारीख काकांनी सांगायची. आणि पुढे बंटवारा (वाटणी) करून खातीच वेगळी करायची, म्हणजे त्याही उरणार नाहीत. काकांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मग गव्हाचाही हिशेब लिहून देत जाईन." आईने नको म्हटलं. मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळपासून काका टीव्हीसमोर. महाराष्ट्र विधानसभेचा निकाल होता. काकांचं त्या राज्यात मत नाही, तिथे त्यांची एक गुंठा जमीन नाही, पण प्रत्येक मतदारसंघावर त्यांचं म्हणणं होतं, आणि ज्याने खरोखर मत दिलं होतं तो भाऊ अंगणात झोपला होता. पटवारी आला तेव्हाही आवाज फक्त कमी झाला.

पंचनामा तासाभरात झाला. गावातले पाच पंच, त्यांच्यासमोर वंशावळ वाचली गेली, मृताचे वारस एवढेच आहेत असं त्यांनी सांगितलं, सह्या आणि अंगठे. पंचांमध्ये दोन माणसं अशी ठेवा ज्यांनी तुमच्या आजोबांना पाहिलं आहे. नावाच्या फरकाबद्दल पटवाऱ्याने विचारलं तेव्हा एक म्हातारे हसून म्हणाले, याचं शाळेतलं नाव मला आजच कळतंय. आमचे तिघांचे जबाब वेगळे लिहिले. भावाकडे समग्र आयडी नव्हता, पुण्यात राहणाऱ्याकडे कुठून असणार, आधारवर भागलं. माझं नाव लिहिताना मी पटवाऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. आधारवर लग्नानंतरचं आडनाव, आणि खात्यात बापाचं नाव लागतं. एकदा चुकीचं चढलं की दुरुस्तीसाठी कलम ११५ खाली वेगळा अर्ज आणि वेगळं प्रकरण. त्यापेक्षा पाच मिनिटं आगाऊपणा परवडतो.

उरलेला दीड दिवस नातेवाइकांचा. सगळ्या आत्ये-चुलत घरी जाऊन आलो, प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी बाबांची एक गोष्ट जी आम्हाला माहीत नव्हती. मुलगी काकूबरोबर कापूस वेचायला गेली आणि बोटांना ओरखडे घेऊन परतली. रविवारी मंडलेश्वरच्या घाटावर आईने नर्मदेत दिवा सोडला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सोमवारी, २५ तारखेला, येताना तहसीलच्या गावी लोक सेवा केंद्रात अर्ज दिला. रांग दीड तासाची, त्यात पाऊण तास सर्व्हर बंद. कचेरीची कामं शनिवार-रविवारी होत नाहीत, म्हणून अशा सहलीला एका टोकाला कामाचा दिवस जोडाच. शुल्क आणि नकला मिळून दोन-अडीचशे. पावतीवर प्रकरण क्रमांक मिळतो. तो घातला की राजस्व प्रकरणांच्या पोर्टलवर पुढची तारीख दिसते. मी फोनमध्ये फोटो काढला, भावाला पाठवला, आणि मूळ पावती आईच्या पोथीत ठेवली, कारण आमच्या घरात ती एकच जागा आहे जिथून काही हरवत नाही.

पुढे इश्तहार निघतो, म्हणजे पंचायतीत आणि तहसीलीत सूचना लागते की कुणाला हरकत असेल तर पंधरा दिवसांत सांगा. हा काळ उगाच जड जातो. एका रात्री मला स्वप्न पडलं की कुणी अनोळखी माणूस हरकत घेऊन आला आहे. कुणी आलं नाही. १७ डिसेंबरला पेशी, म्हणजे सुनावणी, होती. आईला पुन्हा घाटात नेणं जिवावर आलं होतं, पण तिचा जबाब पंचनाम्यात झालेला असल्याने मी आणि काका दोघेच उभे राहिलो. जेमतेम काही मिनिटं. तहसीलदारांनी विचारलं, काही वाद? काका म्हणाले, "नहीं साहब, घर का मामला है." वाद नसेल तर कायद्याप्रमाणे अशा प्रकरणाचा निकाल तीस दिवसांत लागायला हवा, आमचा आदेश डिसेंबर संपता संपता निघाला. आदेश म्हणजे काम झालं असं समजू नका. त्याचा अमल खसऱ्यात व्हावा लागतो, आणि तो झाला की नाही ते स्वतः पोर्टलवर पाहावं लागतं. आमचा संक्रांतीच्या आठवड्यात झाला. मी नवी बी-१ काढून काकांना पाठवली. त्यांनी फोनवर सगळी नावं मोठ्याने वाचली, पंचायतीत पटवारी वाचायचा तशी, आणि म्हणाले, "तुझं बरोबर आलंय, तुझ्या भावाच्या नावात वेलांटी ऱ्हस्व आहे." कचेरीला ती चालते.

कुणाला चहापाण्याचं किती द्यावं लागलं, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. काही नाही. पेट्रोल, शपथपत्रं, शुल्क, नकला सगळं धरून पाच हजारांच्या आत आलं, त्यातही मोठा भाग पेट्रोलचा. वकील लागला नाही, कारण भांडण नव्हतं. भांडण असेल तर मात्र या लेखावर विसंबू नका, वकील गाठा.

राहिलेली कामं दोन. बटाईचा करार लिहून झाला आहे, तिघांच्या सह्या आहेत, तहसीलची प्रत द्यायची आहे. काका म्हणतात मिरची वाळून मंडीत गेली की जाऊ. आणि बंटवाऱ्याचा अर्ज, कलम १७८ खाली, उन्हाळ्यात गहू निघाल्यावर, म्हणजे मोजणीला शेत मोकळं असेल. तेव्हा काकूच्या नावाचंही काय ते बघू, असं काकांनीच परवा फोनवर सांगितलं. काकू मागून म्हणाली, तारीख विचार.